मादी वाळू उकरते, पण अंडी घालत नाही: दर उन्हाळ्यात येणारी अडचण आणि तिचे मूळ

होळी झाली की नाशिकमधील कॅमेलियन पाळणाऱ्यांकडून एकच प्रश्न ठरल्यासारखा येऊ लागतो. मादी चार दिवसांपासून पिंजऱ्याच्या तळाशी फिरते आहे, कोपरे उकरते आहे, मध्येच वर जाऊन बसते आहे, खाणे तिने जवळजवळ सोडले आहे आणि पोट फुगलेले दिसते आहे. पण अंडी काही घालत नाही. विचारणारे बदलतात, तपशील फारसा बदलत नाही. मी स्वतः सलग दोन वर्षे हाच प्रश्न इतरांना विचारला आणि दोन्ही वेळा अंडी घालण्यासाठी पिंजऱ्यात ठेवलेला वाळूचा डबा बदलण्याचा सल्ला मिळाला. दोन्ही वेळा तो बदललाही. तिसऱ्या वर्षी डब्याला हात न लावता अडचण सुटली, कारण ती डब्यात नव्हतीच. डिसेंबरपासून मादीला जे आणि जितके खायला मिळत होते, त्यात ती होती.

येथे कॅमेलियन म्हणजे येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबिया हे मूळ असलेला, डोक्यावर उंच तुरा मिरवणारा व्हेल्ड कॅमेलियन असे समजावे. आपल्या रानात आढळणारा घोयरा सरडा त्याचाच भाऊबंद असला तरी तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. त्याला पकडणे, घरी ठेवणे किंवा विकणे हा गुन्हा आहे, म्हणून शेतात सापडलेल्या घोयऱ्याला पुढील मजकुरातील काहीही लागू करू नये. परदेशी जातीही मोकाट पाळता येतात असे नाही. व्हेल्ड कॅमेलियन वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती व २०२४ चे नियम यांनुसार अशा प्राण्याची केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंद करावी लागते. घरात पिल्ले जन्मली तर तीही कळवावी लागतात. जोडी लावण्याचा विचार असेल तर हे काम आधी उरकावे. चाळीस पिल्ले फांद्यांवर चढल्यानंतर कागदपत्रे शोधणे म्हणजे वरातीमागून घोडे.

आणखी एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. ‘आमची मादी एकटी आहे, नर तिने कधी पाहिलेलाही नाही, मग अंडी कुठून येणार’ असे म्हणणारे कोणीतरी दरवर्षी भेटतेच. पोल्ट्रीतील कोंबडी जशी कोंबड्याशिवाय अंडी देते, तशीच ही मादीही देते. ती अंडी वांझ असतात, इतकेच. मादी पाच-सहा महिन्यांची झाली की केव्हाही अंड्यावर येऊ शकते. त्यामुळे प्रजनन करायचे असो वा नसो, वाळूचा डबा पिंजऱ्यातील कायमची वस्तू मानावा. नराशी जोडी मात्र मादी वर्षाची झाल्याशिवाय लावू नये, कारण स्वतःची हाडे पुरती भरण्याआधीच तिला अंड्यांसाठी कॅल्शियम मोजावे लागते.

अंड्यावर आलेली मादी रंगावरूनही ओळखू येते. अंग गडद हिरवे, जवळजवळ काळपट होते आणि त्यावर मोरपंखी व पिवळे ठिपके उमटतात. आमच्या मादीचे नाव याच रंगांमुळे पैठणी पडले. येवला आमच्याच जिल्ह्यात असल्यामुळे दुसरे नाव घरात कोणाला सुचलेही नाही. नर दिसताच ती हे रंग दाखवून त्याच्यावर तोंड वासते. रंग चढलेले असताना नराला तिच्यासमोर आणू नये.

आधी निकड ओळखावी

डब्याची उठाठेव करण्याआधी मादीची स्थिती पाहावी, आणि ती पोटावरून नव्हे तर वागण्यावरून ठरवावी. अंड्यावर आलेली निरोगी मादी अस्वस्थ असते, पण तरतरीत असते. फांदीवरची तिची पकड घट्ट असते, डोळे उघडे आणि फिरते असतात, आणि कोणी जवळ गेले की ती चिडते. अडलेली मादी याच्या उलट शांत होत जाते. घरच्यांना वाटते की ती आता निवळली, आणि नेमका त्याच वेळी हातातला वेळ संपत असतो. दिवसा डोळे मिटून बसणे, तळाशीच पडून राहणे किंवा तिथेच झोपणे, फांदी पकडताना पंजा निसटणे, पाय थरथरणे, जोर करूनही काही बाहेर न येणे किंवा थोडी अंडी घालून मध्येच थांबणे, यांपैकी एकही खूण दिसली तर त्याच दिवशी सरपटणारे प्राणी हाताळणाऱ्या पशुवैद्यांकडे जावे. ‘उद्या रविवार आहे, सोमवारी बघू’ हा हिशेब येथे चालत नाही.

नाशिकमध्ये कुत्री, मांजरे आणि जनावरे पाहणारे दवाखाने भरपूर आहेत. कॅमेलियनला हात लावणारा पशुवैद्य मात्र शोधावा लागतो. हा शोध जानेवारीतच घ्यावा, फोन करून आधी विचारून ठेवावे आणि पर्याय म्हणून मुंबई किंवा पुण्यातील एखादा पत्ताही हाताशी असू द्यावा. मुंबई सुमारे १७० आणि पुणे सुमारे २१० किलोमीटरवर आहे. अडलेल्या मादीला हा प्रवास भर दुपारी घडवू नये. झाकणाला भोके पाडलेल्या डब्यात ओलसर रुमाल आणि पकडायला एक काडी ठेवून, अंधार करून, पहाटे निघावे.

दवाखान्यात काय होते हे माहीत असले की निर्णय घेणे सोपे जाते. क्ष-किरण छायाचित्रात कवच धरलेली अंडी दिसतात आणि बऱ्यापैकी मोजताही येतात. काही माद्यांच्या बाबतीत अंडी बाहेर नेणाऱ्या नळीत उतरलेलीच नसतात. बलकाचे गोळे अंडाशयातच वाढून अडकलेले असतात, त्यांना कवच नसते आणि ते ओळखण्यासाठी सोनोग्राफी लागते. बाहेरून दोन्ही माद्या सारख्याच फुगलेल्या दिसतात, पण उपचार पूर्ण वेगळे आहेत. पहिल्या प्रकारात पाणी आणि कॅल्शियम देऊन वाट पाहिली जाते, गरज वाटल्यास त्यानंतर ऑक्सिटोसिनचे, म्हणजे ती नळी आकुंचन पावायला लावणारे, इंजेक्शन दिले जाते. दुसऱ्या प्रकारात त्या इंजेक्शनचा काहीही उपयोग नसतो आणि बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच करावी लागते. म्हणून छायाचित्र न काढता थेट ऑक्सिटोसिन देण्याचा प्रस्ताव आला तर नम्रपणे थांबवावे. एखादे अंडे वेडेवाकडे होऊन मार्ग अडवून बसले असेल, तर आकुंचनाच्या जोराने नळी फाटण्याचा धोका असतो. घरी पोट दाबणे, तेल लावणे, दिसणारे अंडे ओढणे हे तर मुळीच करू नये. इतर सरड्यांसाठी सांगितला जाणारा कोमट पाण्यातील टबचा उपायही कॅमेलियनला लागू करू नये. पाण्यात धरल्याने तो घाबरतो आणि लाभापेक्षा ताणच वाढतो.

डबा: जितका पाहावा तितकाच

मादी तरतरीत असेल आणि उकरणे सुरू असेल, तर डबा एकदा नीट तपासावा आणि मग विसरून जावा. लांबी, रुंदी आणि वाळूची खोली प्रत्येकी किमान ३० सेंटीमीटर असावी. खोलीत काटकसर करू नये, कारण मादी तिरका बोगदा खणत तळापर्यंत जाते आणि चार बोटांवर प्लॅस्टिक लागले की जागा नापसंत करून दुसरीकडे उकरू लागते. बांधकामावर हल्ली मिळणारी क्रश सँड घेऊ नये. दगड दळून केलेली ती वाळू धारदार असते आणि ओली असूनही घट्ट धरत नाही. साधी बारीक वाळू घ्यावी, चाळावी, पाणी निवळ येईपर्यंत धुवावी आणि चौथा हिस्सा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळावे. ओलाव्याची परीक्षा दिवाळीचा किल्ला केलेल्या कोणालाही शिकवावी लागणार नाही: मनगटापर्यंत हात घालून केलेले भुयार हात काढल्यावर उभे राहिले पाहिजे, आणि मूठ आवळल्यावर पाणी गळता कामा नये. मार्चमध्ये वरचा थर दुपारपर्यंत सुकतो, म्हणून रोज सकाळी कडेने थोडे पाणी सोडावे.

त्यानंतरची अडचण वाळूची नसून माणसांची असते. खणताना आपल्याला कोणी पाहते आहे असे वाटले की मादी काम टाकून देते, आणि असे दोन-तीन वेळा झाले की अंडी आतच राहतात. कॅमेलियनचे डोळे एकमेकांपासून स्वतंत्र फिरतात, त्यामुळे पाठमोरी दिसणारी मादीही आपल्याला पाहत असते. पिंजऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागाला जुनी चादर लावावी, डोकावण्यापुरते एक छिद्र ठेवावे किंवा जुना मोबाइल कॅमेऱ्यासारखा लावावा, आणि घरातील मुलांना आठवडाभर त्या खोलीत मित्र आणू देऊ नयेत. आमच्याकडे पहिल्या वर्षी पैठणी खणत होती तेव्हा शेजारच्या दोन मजल्यांवरील मंडळी पाहायला आली होती, आणि त्यांना चहा मीच करून दिला होता. खणायला सुरुवात केल्यापासून अंडी घालून वाळू पुन्हा सपाट करेपर्यंत एक ते तीन दिवस लागू शकतात. रात्री बोगद्यातच थांबली तरी दिवा लावून पाहू नये.

डब्याबद्दल सांगण्यासारखे इतकेच आहे. तरीही मादी पाचव्या-सहाव्या दिवशी तशीच असेल, किंवा दरवर्षी हेच होत असेल, तर पुढचा भाग महत्त्वाचा आहे.

मूळ तीन महिने आधी असते

आमच्या तीन वर्षांच्या नोंदी सांगते. २०२२ मध्ये पैठणीने सहा दिवस उकरून ५३ अंडी घातली आणि त्यानंतर तिच्या कमरेची हाडे दिसत होती. २०२३ मध्ये ३१ अंडी घालून ती थांबली. क्ष-किरणात आत आणखी ९ दिसली, ती कॅल्शियमची इंजेक्शने झाल्यावर दोन दिवसांनी बाहेर पडली. २०२४ मध्ये तिने २६ अंडी घातली, दीड दिवसात, आणि तिसऱ्या दिवशी क्रिकेट, म्हणजे खाद्य म्हणून वाढवलेले रातकिडे, मागू लागली. २०२३ आणि २०२४ च्या मध्ये डबा तोच होता, वाळूही तीच. बदललेले होते ते खाणे, ऊब आणि प्रकाश.

अंडी किती होणार हे घालण्याच्या आठवड्यात ठरत नाही. अंडाशयातील बीजांमध्ये बलक भरू लागतो तेव्हा शरीराला किती अन्न आणि किती ऊब मिळते आहे, त्यावर किती बीजे पुढे जाणार हे अवलंबून असते. सुगी आहे असे शरीराला वाटले की ते ५० ते ७० अंड्यांचीही तयारी करते. पुढे प्रत्येक अंड्यावर चामड्यासारखे कवच चढते. त्यासाठी लागणारे कॅल्शियम रक्तातून जाते आणि रक्तात कमी पडले की हाडांतून काढले जाते. अंडी बाहेर ढकलणारी नळी ही स्नायूंची असते आणि स्नायूला आकुंचनासाठी पुन्हा कॅल्शियमच लागते. म्हणजे जितकी अंडी जास्त, तितका ती बाहेर काढण्याचा जोर कमी. वाळू कितीही उत्तम असली तरी हे गणित ती बदलू शकत नाही.

ही गोष्ट नाशिकमध्ये फेब्रुवारी-मार्चमध्येच का घडते, याचे उत्तर क्रिकेटच्या डब्यात आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहा अंशांच्या खाली जातो, क्रिकेट सावकाश वाढतात आणि आपण मोजून घालतो. फेब्रुवारीत ऊन तापू लागले की त्यांची पैदास एकाएकी वाढते, डबा भरून वाहतो, आणि ‘वाया जाण्यापेक्षा तिने खाल्लेले बरे’ असे म्हणून आपला हात सैल होतो. त्याच वेळी थंडीसाठी लावलेला ऊब देणारा बल्ब तसाच सुरू राहतो, खोलीचे तापमान मात्र सात-आठ अंशांनी चढलेले असते. भरपूर अन्न आणि भरपूर ऊब, म्हणजे येमेनच्या डोंगरात पाऊस पडून सगळीकडे किडे झाल्यासारखीच स्थिती. मादीचे शरीर त्याचा योग्य तो अर्थ घेते. त्यानंतर काही आठवड्यांनी होळीच्या सुमारास ती वाळू उकरू लागते.

म्हणून पूर्ण वाढलेल्या मादीला एक दिवसाआड तीन ते चार मध्यम क्रिकेट, इतकेच खाणे द्यावे. ती जाळीपाशी येऊन मागेल, एक डोळा आपल्यावर आणि दुसरा डब्यावर ठेवील, तरी देऊ नये. मला हे सर्वांत अवघड गेले. उपाशीपोटी कोणाला झोपवायचे नाही अशा घरात मी वाढलेली आहे. पण वाढत्या वयाच्या पिल्लाला रोज पोटभर लागते आणि प्रौढ मादीला ते मारक ठरते, हा फरक पाळलाच पाहिजे. सुपरवर्मसारख्या चरबीयुक्त अळ्या महिन्यात एखाद्या वेळीच द्याव्यात. ऊब घेण्याच्या फांदीवर मादीसाठी २७ अंशांच्या आसपास तापमान पुरते, आणि ते अंदाजाने न ठरवता फांदीवरच थर्मामीटर ठेवून पाहावे. पश्चिमेकडील खोलीत एप्रिलच्या दुपारी हवाच ३४ अंश असते, तेव्हा बल्ब पूर्ण बंद करून खोली थंड कशी राहील ते पाहावे. रात्री तापमान उतरू द्यावे. १६ ते १८ अंशांची रात्र या जातीला मानवते.

खाणे कमी करताना कॅल्शियम कमी होऊ देऊ नये, उलट येथेच बहुतेकांची चूक होते. क्रिकेटमध्ये कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी पट जास्त असतो, त्यामुळे नुसत्या क्रिकेटवर वाढलेली मादी भरल्या पोटीही कॅल्शियमला मुकते. फॉस्फरस आणि डी-३ नसलेली साधी कॅल्शियम पावडर प्रत्येक वेळी लावावी. भजी पिठात घोळवतात तशी नव्हे, तर किड्यावर हलकी भुरभुरावी. पांढरा गोळा झालेला किडा ती थुंकते. डी-३ असलेली पावडर पंधरा दिवसांतून एकदा पुरे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे क्रिकेटला स्वतःला काय खायला मिळते. आमच्याकडे शेवग्याचा पाला, कढीपत्ता, गाजर आणि पपई असते. शेवगा आणि कढीपत्ता यांत कॅल्शियम चांगले असते आणि दोन्ही दारात मिळतात. पालक आणि चाकवत देऊ नयेत, कारण त्यांतील ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवते. क्रिकेट विकत आणून त्याच संध्याकाळी मादीला घातले तर आपण फक्त रिकामे कवच दिलेले असते. निदान एक दिवस त्यांना जेवू घालावे.

किड्यांच्या बाबतीत नाशिकचा एक वेगळा धोका आहे. ऑक्टोबरच्या छाटणीपासून काढणीपर्यंत द्राक्षबागांवर फवारण्या सुरू असतात, आणि दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या बाजूला शेत असलेले नातेवाईक प्रेमाने पिशवीभर नाकतोडे आणून देतात. ते घेऊ नयेत, आणि घ्यावेच लागले तर मादीपर्यंत पोहोचू देऊ नयेत. व्हेल्ड कॅमेलियन पानेही खातो, म्हणून पिंजऱ्यातील जास्वंद किंवा मनीप्लांट नर्सरीतून आणल्यावर धुऊन, काही आठवडे बाहेर ठेवून, नवी पाने फुटल्यावर आत घ्यावे.

खाल्लेले कॅल्शियम आतड्यातून रक्तात उतरण्यासाठी डी-३ जीवनसत्त्व लागते आणि ते कातडीत तयार होण्यासाठी यूव्हीबी हे अतिनील किरण लागतात. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन कितीही लख्ख असले तरी त्यातील यूव्हीबी काच जवळजवळ सगळे अडवते. माशांच्या टाकीचे दिवेही उपयोगाचे नाहीत. टी-५ प्रकारची पाच-सहा टक्के यूव्हीबीची नळी जाळीच्या वर लावावी आणि मादी बसते ती फांदी त्यापासून साधारण वीतभर खाली असावी. अतिनील निर्देशांक मोजण्याचे यंत्र मिळाले तर फांदीवर तो ३ च्या आसपास हवा. यंत्र महाग आहे, पण चार-पाच जणांत मिळून एक घेता येते. येथील फसवणूक अशी, की नळी दिसायला तेवढीच उजळ राहते आणि यूव्हीबी मात्र ओसरत जाते. आमच्याकडील पहिली नळी दिवाळीत लावलेली होती आणि दुसऱ्या वर्षी मादी अडली तेव्हा ती सोळा महिने जुनी होती. आता दर दिवाळीला घराच्या साफसफाईबरोबर नळी बदलते, म्हणजे तारीख लक्षात ठेवावी लागत नाही. सकाळी दहाच्या आत, जाळीच्या पिंजऱ्यात, निम्म्या भागात सावली करून, गॅलरीतील पंधरा-वीस मिनिटांचे ऊन मिळाले तर फारच उत्तम. काचेच्या टाकीत ठेवून उन्हात कधीही नेऊ नये.

शेवटची बाब पाण्याची. उन्हाळ्यातील आपली हवा दुपारी अगदी कोरडी होते, आणि शरीरात पाणी कमी असलेल्या मादीला अंडी सरकवणे जड जाते. कॅमेलियन वाटीतील स्थिर पाणी सहसा ओळखत नाही. पानावरून ओघळणारा थेंब त्याला दिसतो. औषधाच्या दुकानातील सलाइनचा सेट बाटलीला जोडून पानांवर थेंब-थेंब सोडला की चांगले काम होते. फवारा पहाटे आणि रात्री दिवे मालवल्यावर द्यावा, भर दुपारी गरम हवेत ओल करू नये. बोअरचे पाणी वापरल्यास फवाऱ्याच्या तोंडाशी क्षार धरतात, म्हणून गाळलेले पाणी घ्यावे. मादीला पाणी पुरते की नाही हे विष्ठेबरोबर पडणाऱ्या मूत्राच्या घट्ट भागावरून कळते: पांढरा असेल तर ठीक, नारिंगी झाला तर पाणी कमी पडते आहे. अंड्यावर आलेल्या मादीच्या विष्ठेकडे रोज पाहावे, हे काम कितीही किळसवाणे वाटले तरी.

अंडी घातल्यानंतर

हे सर्व बदल उकरणे सुरू झाल्यावर केले तर त्या खेपेला फारसा लाभ होत नाही. त्या वेळी पाणी, कॅल्शियम, प्रकाश आणि एकांत इतकेच आपल्या हातात असते. खाण्याचा आणि उबेचा बदल पुढच्या खेपेसाठी असतो. एकदा नराशी मिलन झालेली मादी शुक्रजंतू साठवून ठेवू शकते आणि पुन्हा नर न दाखवताही पुढची खेप फलित निघू शकते, त्यामुळे दुसऱ्या खेपेची अंडी वांझ आहेत असे गृहीत धरून फेकून देऊ नयेत.

फलित अंडी वाढवायची असतील तर वाळूतून काढताना ती फिरवू नयेत. वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करावी आणि तशीच ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये, म्हणजे ओल धरणाऱ्या हलक्या खनिजात, अर्धी रुतवून ठेवावीत. द्राक्ष आणि भाजीपाल्याच्या रोपवाटिकांमुळे व्हर्मिक्युलाइट आणि परलाइट आपल्याकडे शेती साहित्याच्या दुकानांत मिळते. वजनाने जितके व्हर्मिक्युलाइट तितकेच पाणी मिसळावे. २६ ते २८ अंशांत सहा ते नऊ महिने लागतात. फार आधीच खळगे पडू लागले तर कोरडेपणा, म्हणून कडेने थोडे पाणी. शेवटच्या दिवसांत अंड्याला घाम फुटून ते थोडे आक्रसले तर पिल्लू निघण्याची वेळ झाली असे समजावे. मे महिन्यात वीज गेली तर डबा थर्माकोलच्या पेटीत घालून घरातील सर्वांत थंड खोलीत फरशीवर ठेवावा, कारण अंडी थोड्या गारव्यापेक्षा ३० अंशांपुढील उष्णतेने लवकर दगावतात.

मादीकडे मात्र त्याच दिवशी लक्ष द्यावे. बाहेर आल्यावर ती मातीने माखलेली आणि खोल गेलेल्या डोळ्यांची दिसते. तिला आधी भरपूर वेळ फवारा द्यावा आणि मग खाणे. दोन आठवडे रोज पोटभर खाऊ द्यावे, त्यानंतर पुन्हा एक दिवसाआडच्या मापावर यावे. स्वयंपाकघरातील ग्रॅमचा काटा पिंजऱ्याजवळच ठेवावा आणि डिसेंबरपासून दर रविवारी वजन वहीत लिहावे. २०२४ मध्ये पैठणी उकरू लागली त्या दिवशी ११८ ग्रॅम होती आणि अंडी घातल्यावर ८५ ग्रॅम भरली, म्हणजे २६ अंड्यांना ३३ ग्रॅम, प्रत्येकी सव्वा ग्रॅमच्या आसपास. अंडी काढल्यावर ती मोजावीत, एकदोन तोलून पाहावीत आणि मादीच्या घटलेल्या वजनाशी ताडून घ्यावीत. क्ष-किरण काढलेले असेल तर त्यातील संख्येशीही जुळवावे. अंडी घातल्यावरही पोट कडक लागत असेल, ती पुन्हा वाळूपाशी जात असेल किंवा मोजणीत तीन-चार अंडी कमी भरत असतील, तर वाळू आणखी एकदा चाळावी, आणि तिथेही ती मिळाली नाहीत तर मादीला घेऊन त्याच दिवशी पुन्हा दवाखान्यात जावे.